सुई बोटात गेली तर आत काय होतं, आणि रजिस्टरमध्ये काय लिहिलं पाहिजे

गारमेंटमध्ये सुई तुटली की काय होतं हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटतं. ऑपरेटर हात वर करते, मशीन बंद, सुपरवायझर लोहचुंबक घेऊन येतो, मग टेबलावर, फरशीवर, पीसच्या घडीत, बॉबिनच्या खाली, जिथे जिथे उडाली असेल तिथे शोधून सुईचे सगळे तुकडे गोळा करायचे, एका रजिस्टरमध्ये सेलोटेपने चिकटवायचे, सुई पूर्ण जुळली का बघायचं, तारीख, वेळ, मशीन नंबर, सही, आणि मगच नवीन सुई हातात पडते. टोक सापडलं नाही तर आजूबाजूचा सगळा माल बाजूला काढून डिटेक्टरमधून जातो. कारण कुठल्यातरी परदेशातल्या बाळाच्या फ्रॉकमध्ये सुईचं टोक निघालं तर ऑर्डर गेली आणि बायरही गेला.

मी सोलापुरात एका युनिटला चार वर्षं चेकर होते. शाळेचे युनिफॉर्म जास्त, मधूनमधून एक्स्पोर्टचा लहान मुलांचा माल. त्यातलं दीडएक वर्ष हे तुटक्या सुयांचं रजिस्टर माझ्याकडे होतं. त्यात माझ्याच अक्षरात एक नोंद आहे, "३ तुकडे, सर्व मिळाले". नोंद खरी आहे, फक्त तिसरा तुकडा मिळाला तो दवाखान्यात, एका मावशींच्या डाव्या तर्जनीतून. तो पुसून आणला, रजिस्टरला चिकटवला, मावशींना दोन दिवस घरी बसवलं, आणि अपघातांचं जे वेगळं रजिस्टर असतं त्यात त्या दिवशी काहीच लिहिलं गेलं नाही. असं दुसरं रजिस्टर असतं हेच मला तेव्हा माहीत नव्हतं, माझी चूक म्हणा हवं तर.

तर "सुई लागली" हे आपण जितकं सहज म्हणतो तितकं ते सहज का नाही, बोटात नक्की काय होतं, लगेच काय करायचं आणि पुढे कागदावर काय झालं पाहिजे, हे सगळं मला जेवढं कळलंय तेवढं सांगते.

आधी वेगाचं बघू. साधी सिंगल नीडल मशीन, कंपनी कुठलीही असो आपल्याकडे सगळे तिला जुकीच म्हणतात, ती मिनिटाला ५,००० पर्यंत टाके घालू शकते. म्हणजे सेकंदाला ८० च्या वर. ओव्हरलॉक तर त्याहून जोरात. आता काहीतरी लागलं हे कळून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, कितीही चपळ असलात तरी. तेवढ्यात पूर्ण स्पीडला असलेली सुई १५-२० वेळा खालीवर होऊन येते. म्हणून "लक्ष कुठे होतं तुझं" हा सुपरवायझरचा प्रश्न मला नेहमी फालतू वाटतो, कारण बोट सुईखाली गेल्यावर लक्षाचा काही उपयोगच उरत नाही. जे करायचं ते बोट तिथे पोचायच्या आधी, आणि ते काम लक्षाचं नाही, गार्डचं आहे. गार्ड म्हणजे तरी काय, कापड दाबून धरणाऱ्या फुटच्या पुढे बसवलेली एक वाकवलेली तार. बास.

मग गार्ड काढून का टाकतात? कारण सुईत दोरा ओवताना ती मध्ये येते, आणि कॉलर किंवा खिशाचा कोपरा वळवताना नीट दिसत नाही. पीसवर पैसे असतील किंवा तासाचं टार्गेट डोक्यावर असेल तर प्रत्येक दोऱ्याला पाच-सात सेकंद जास्त म्हणजे दिवसाचे किती पीस गेले, हा हिशोब ऑपरेटरच्या डोक्यात पक्का असतो. त्यामुळे गार्ड पहिल्या आठवड्यातच ड्रॉवरमध्ये जातं आणि बायरचं ऑडिट असलं की सगळ्या मशीनवर परत उगवतं. हे सगळ्यांना माहीत असतं, ऑडिटरलासुद्धा असावं.

आता मोटरबद्दल, कारण ह्यात नवीन मुली फसतात. जुन्या मशीनला खाली ती मोठी घूं घूं करणारी क्लच मोटर असते. तुम्ही पायडल सोडलं तरी ती मोटर आत फिरतच असते, फक्त तिचा आणि मशीनचा संबंध सुटलेला असतो. स्विच बंद केला तरी काही सेकंद ती आपल्या जोरावर फिरत राहते, आणि त्या काही सेकंदांत सुई बदलताना पाय चुकून पायडलवर पडला की सुई खाली येते. म्हणून स्विच बंद केल्यावर हात लांब ठेवून एकदा पायडल दाबायचं, उरलेला जोर संपू द्यायचा, मग सुईला हात लावायचा. नवीन सर्वो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते, आवाजही करत नाही, पण त्यामुळेच ती चालू आहे हे विसरायला होतं. दोरा ओवताना स्विच बंद, मोटर कुठलीही असो.

सुई बोटातून आरपार गेली आणि मशीन अडकली तर पहिला झटका येतो हात ओढायचा. ओढू नका. सुई आत तुटते ती बहुतेक इथेच. शेजारणीने आधी स्विच बंद करायचा, मग उजवीकडचं चाक हाताने हळू फिरवून सुई वर येते का बघायचं. नाही आली तर फुट उचलून सुईचा स्क्रू ढिला करायचा म्हणजे सुई मशीनमधून सुटते आणि बोट सुईसकट बाहेर येतं. तसंच दवाखान्यात जायचं. पक्कडने उपटणारे महाभाग प्रत्येक युनिटला असतात, मेकॅनिकदादा मायेनेच करतात ते, पण सुई नखातून जाऊन बोटाच्या हाडात शिरलेली असेल तर उपटताना टोक हाडात राहतं.

आणि हे विसरू नका, सुईचे जे तुकडे बाहेर मिळालेत ते रजिस्टरला चिकटवायच्या आधी डॉक्टरला दाखवायचे. निदान फोटो. बाहेर किती आहे हे कळलं तर आत किती राहिलंय हे कळतं. १४ नंबरची सुई म्हणजे ०.९ मिलिमीटर जाड, जीन्सची २१ नंबरची १.३ मिलिमीटर. एवढ्याशा भोकातून आत काही राहिलंय का हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. एक्सरेत धातू छान दिसतो, फक्त तो दोन बाजूंनी काढायला सांगा, समोरून आणि आडवा.

भोक लहान हीच खरी अडचण आहे. कातरीने कापलं तर रक्त येतं, जखम धुऊन निघते, आपणही घाबरतो आणि नीट बघतो. सुईचं तसं नाही. ती वाटेतला मळ, कपड्याची रंगाची पावडर, तेल, आपल्याच कातडीवरचे जंतू असं सगळं घेऊन खोल जाते, आणि बाहेर निघाली की वरचं भोक मिटतं. वरून बघितलं तर एक लाल ठिपका, आत जंतूंना बंद खोली.

बोटाचं टोक दाबून बघा, मऊ गादीसारखं लागतं. पण ती एक सलग गादी नाही, आत कातडीपासून हाडापर्यंत चिवट पडदे आहेत, मोसंबीच्या फोडींसारखे लहान लहान कप्पे. एखाद्या कप्प्यात पू झाला की त्याला पसरायला जागा नसते, दाब वाढतो, आणि मग ते ठसठसणं सुरू होतं जे हृदयाच्या ठोक्याबरोबर लागतं. नखाच्या कडेला जे नखुरडं होतं ते वेगळं आणि त्या मानाने बरं. हे टोकाचं दुखणं रात्री झोप उडवतं. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणायचे की बोटाच्या दुखण्याने एक रात्र जागून काढली असेल तर दुसरी रात्र घरी काढायची नाही. फार दिवस दाब राहिला तर आतलं हाडच खराब होतं.

त्याहून वाईट जागा म्हणजे बोटाची तळव्याकडची बाजू. बोटात स्नायू नसतात हे मला फार उशिरा कळलं. बोट वाकवणारे स्नायू कोपराच्या खाली असतात आणि तिथून दोऱ्या येतात, त्या दोऱ्या बोटात एका नळीतून सरकतात. सलवारीचा नेफा आणि नाडी डोळ्यासमोर आणा, अगदी तसंच. सुई ह्या नेफ्यात शिरली आणि आत पू झाला तर तो एका जागी थांबत नाही, नेफ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो. करंगळीचा आणि आंगठ्याचा नेफा तर पुढे तळव्यातून मनगटापर्यंत जातो. नाडी आत चिकटून बसली की बोट पुढे जन्मभर पूर्ण वळत नाही.

हे ओळखायचं कसं, तर शिकागोचे एक सर्जन होते अ‍ॅलन कॅनाव्हेल, त्यांनी १०० च्या वर वर्षांपूर्वी चार खुणा सांगून ठेवल्यात आणि आजही डॉक्टर त्याच बघतात. बोट आपोआप थोडं वाकलेलं राहतं. पूर्ण बोट सारखं सुजतं, जिथे लागलं तेवढंच नाही. तळव्याच्या बाजूने बोटावर दाबत गेलं तर सगळ्या लांबीभर दुखतं. आणि दुसऱ्याने हळूच बोट सरळ करायला घेतलं की जीव जातो. ह्यातलं काही दिसलं तर उद्या नाही, आज. गोळी घेऊन बघू हा प्रकार इथे नको. शुगर असलेल्यांनी तर अजिबातच थांबू नये.

आता आपले लाइनीवरचे उपाय. बोट मशीनच्या तेलात बुडवणं, चिंधी जाळून तिची राख दाबणं, हळद, चुना, चहापावडर, मी सगळं बघितलंय, तेलाचा उपाय स्वतः केलाय. ह्याने रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण रक्त नुसतं दाबून धरलं तरी थांबतं, आणि हे सगळं आत गेलं की डॉक्टरला जखमच दिसत नाही. नळाखाली साबणाने पाच मिनिटं धुवा, स्वच्छ कापडाने दाबा, हात वर धरा. बोटातली अंगठी ताबडतोब काढा, लग्नातली असली तरी, कारण सूज आली की ती निघत नाही आणि मग कापावी लागते. बोटाला दोरा करकचून बांधू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल एक गैरसमज आहे की सुई गंजलेली असेल तरच घ्यायचं. गंजाचा संबंध नाही, धनुर्वाताचे जंतू धुळीमातीत असतात आणि त्यांना हवा नसलेली खोल जागा आवडते, चकचकीत सुईने केलेली असली तरी. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरला सांगा, तो ठरवेल.

कटिंगचं मात्र वेगळं. तिथे लागलं की सगळ्यांना दिसतं. उभ्या ब्लेडचा कटर कपड्याचे थर भाजीसारखे कापत जातो आणि मास्टरचा डावा हात पुढे थर दाबून धरत असतो, म्हणजे ब्लेड जिकडे चाललंय तिकडेच. ह्यासाठी स्टीलच्या बारीक कड्यांचा हातमोजा असतो. तो न घालण्याचं कारण आळस म्हणून सांगतात, पण मी मास्टरांना विचारलंय, अर्ध्या वेळा तो मापाचाच नसतो. ह्या मोज्यांना माप असतं, पट्ट्याच्या रंगावरून ओळखतात, पांढरा लहान, लाल मध्यम, निळा मोठा. युनिटमध्ये एकच असतो, निळा, सगळ्यांना मिळून, आणि बारीक हाताच्या माणसाला त्यात थराचा अंदाजच येत नाही. ब्लेडच्या समोरचं गार्ड थराच्या उंचीला उतरवून ठेवायचं असतं, ते वर बांधलेलं असतं.

बोटाचा तुकडा पडलाच तर तो फेकू नका आणि थेट बर्फातही घालू नका. बर्फ लागून तो गोठला की मेला. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. वर सांगितलं ना बोटात स्नायू नसतात, त्याचा इथे फायदा होतो, स्नायू लवकर मरतात, बोट थंड ठेवलं तर बरेच तास तग धरतं. तरी प्रत्येक वेळी जोडता येईलच असं नाही, आणि सोलापूरहून पुण्याला जायचं म्हटलं तर चार तास धरा, म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारा तिथे हे करणारा सर्जन आहे का.

टिचबटणाच्या मशीनमध्ये बोट चेपतं, प्रेसवर वाफेने भाजतं. भाजल्यावर २० मिनिटं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही, एवढंच सांगते आणि पैशाकडे वळते, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ आहे.

१० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू होतं आणि ₹२१,००० पर्यंत पगार असलेली प्रत्येक बाई त्यात येते. १२,००० पगार असेल तर तुमचे ९० रुपये कापले जातात आणि मालक ३९० भरतो. पगाराच्या चिठ्ठीत ते ९० दिसतात का एवढं आज बघा. कामावर लागलं असेल तर किती महिने हप्ता भरला हे बघत नाहीत, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. जितके दिवस काम करता येत नाही तितके दिवस पगाराच्या ९० टक्के मिळतात, अट एकच की अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम बंद असलं पाहिजे.

आता मावशींना दोनच दिवस घरी का बसवलं ते कळलं? कदाचित मुद्दाम नसेलही, माल अडकला होता हे खरं. पण जुन्या फॅक्टरी कायद्यातही ४८ तास काम बंद राहिलं तरच अपघात सरकारला कळवायचा अशी रेघ होती. म्हणजे पट्टी बांधून परत मशीनवर बसलेली बाई कुठल्याच आकड्यात येत नाही. त्यामुळे सरकारी आकडे बघून गारमेंटमध्ये हाताला फार लागत नाही असं कुणी म्हटलं तर लगेच मान डोलावू नका.

बोट कायमचं गेलं तर त्याचे टक्के ठरलेत. ही यादी १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातली. आंगठा पूर्ण गेला तर ३०, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. तर्जनीचं एक पेर गेलं तर ९, हाड न जाता नुसतं टोक उडालं तर ५. डावा उजवा भेद नाही. ईएसआयमध्ये मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या टक्क्यांप्रमाणे दरमहा पेन्शन मिळते, जन्मभर. १२,००० पगार आणि ९ टक्के म्हणजे ढोबळमानाने महिन्याला हजारच्या आत. ईएसआय लागू नसेल तर एकरकमी. वय ३०, पगार १२,००० धरा, त्याचे ६० टक्के म्हणजे ७,२००, त्याला ३० वर्षांच्या वयाचा ठरलेला आकडा २०७.९८ ने गुणायचं, येतात १४,९७,४५६, त्याचे ९ टक्के, म्हणजे साधारण १ लाख ३५ हजार. तडजोड म्हणून पाच हजार हातावर ठेवणाऱ्यांनी हा गुणाकार कधी केलेला नसतो, किंवा केलेला असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, आले आणि ईएसआयचा आणि १९२३ चा असे हे जुने कायदे सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेले, त्यामुळे ऑफिसात कलमांचे नंबर वेगळे सांगतील, गोंधळू नका.

"तूच गार्ड काढलं होतंस" हे वाक्य हमखास येतं. ईएसआयमध्ये नियम मोडून केलेलं काम मालकाच्याच धंद्यासाठी होत असेल तर एवढ्यावरून हक्क जात नाही. १९२३ च्या कायद्यात मात्र जाणूनबुजून गार्ड काढलं हे मालकाने सिद्ध केलं तर अडचण होते, म्हणून सगळ्या लाइनीची गार्डं काढलेली असतील तर त्याचा फोटो असलेला बरा.

ह्यात नवीन काही मागणं नाहीये बरं का. १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांनी मागण्यांवर सह्या केल्या. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला शाळेपासून पाठ असते, ती मिळाली १८९० ला. पण त्याच कागदावर हेही होतं की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. ही ओळ कुणी पाठ करून घेत नाही.

तर अपघाताचं रजिस्टर. ईएसआयच्या भाषेत फॉर्म ११, आणि त्यावरून मालक पुढे पाठवतो तो रिपोर्ट फॉर्म १२. फॉर्म ११ मध्ये नोंद झाली की तुम्ही मालकाला कळवलं असं धरलं जातं. नोंद तुम्ही स्वतः करू शकता किंवा तुमच्या वतीने दुसरं कुणीही. रजिस्टर सापडत नाही, साहेबांच्या कपाटात आहे, किल्ली नाही असं झालं तर सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅप टाका, "आज अमुक वाजता अमुक नंबरच्या मशीनवर डाव्या तर्जनीत सुई गेली", बोटाचा आणि मशीनचा फोटो जोडा, आणि तो मेसेज डिलीट करू नका. दवाखान्यात केसपेपरवर "घरी शिवताना लागलं" असं लिहू देऊ नका, सोबत आलेला माणूस कितीही डोळ्याने खुणावत असला तरी, कारण सहा महिन्यांनी बोट वळत नाही हे कळेल तेव्हा तोच कागद समोर येतो.

मावशींचं तसंच झालं. केसपेपरवर घरचं मशीन लिहिलंय. तर्जनीचं शेवटचं पेर आता वळत नाही, त्या मधल्या बोटाने कापड सरकवतात, स्पीड थोडा कमी झालाय म्हणून कॉलरवरून त्यांना साइड सीमला, म्हणजे बाजूच्या शिलाईला, टाकलं. त्या दिवशीच्या अपघाताचा लेखी पुरावा आज काय आहे म्हणाल तर माझं ते तुटक्या सुयांचं रजिस्टर, तारीख, वेळ, मशीन नंबर, त्यांची सही, आणि सेलोटेपखाली तीन तुकडे.